सत्तरीनंतरचा आयसीडी: नाही म्हणायची मुभा हवी

टू-डी एकोचा रिपोर्ट टेबलावर असतो. त्यात ईएफ, म्हणजे हृदयाचं पंपिंग, ३० टक्के लिहिलेलं. रुग्ण अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, शेजारी मुलगा किंवा सून. डॉक्टर सांगतात, "पंपिंग फार कमी आहे. ठोके कधीही बिघडू शकतात, आणि बिघडले तर दवाखान्यात पोचायलाही वेळ मिळत नाही. मशीन बसवून घ्या." मुलगा विचारतो, "नाही बसवलं तर?" डॉक्टर म्हणतात, "मग कशाचीच खात्री देता येत नाही." झालं. एवढ्यावर निर्णय होतो. ज्यांच्या छातीत ते मशीन जाणार असतं, त्यांनी बहुतेक वेळा तोंडही उघडलेलं नसतं.

या बोलण्यात खोटं काही नाही, पण ते अर्धंच आहे. मशीन बसवलं तर नेमकं काय बदलेल, हे त्यात आलेलंच नाही. माझं म्हणणं सरळ आहे. ज्यांचं हृदय आजवर एकदाही बंद पडलेलं नाही आणि ज्यांनी सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडली आहे, त्यांच्या बाबतीत आयसीडी, म्हणजे ठोके जीवघेणे बिघडले की आतून शॉक देणारं हे मशीन, बसवायचाच, हे गृहीत धरणं थांबायला हवं. न बसवणं हा पर्याय आधी आणि तितक्याच गांभीर्याने समोर ठेवायला हवा. बसवायचा असेल तर सल्ला देणाऱ्याने त्याची कारणं द्यावीत. नको म्हणणाऱ्याला खुलासे देत बसायची पाळी येऊ नये.

आयसीडी म्हणजे पेसमेकर नव्हे, ही गल्लत आधी दूर करू. दिसायला दोन्ही सारखेच: कॉलरबोनखाली कातडीच्या आत बसवलेली एक चपटी डबी आणि शिरेतून हृदयात उतरवलेल्या वायरी. पण पेसमेकर मंद पडलेले ठोके सांभाळतो. चक्कर येऊन पडणाऱ्या माणसाला त्याने लगेच बरं वाटतं, आणि तिथे वय फारसं आडवं येत नाही. नव्वदीतही तो उपयोगाचा ठरतो. आयसीडीचं मुख्य काम पहाऱ्याचं. हृदयाचे खालचे कप्पे बेफाम धावू लागले किंवा नुसतेच थरथरू लागले की तो जागा होतो, आधी स्वतः वेगाने ठोके देऊन लय ताळ्यावर आणायचा प्रयत्न करतो, आणि ते जमलं नाही तर चाळीसेक ज्यूलपर्यंतचा शॉक देतो. दम लागणं, पाय सुजणं, थकवा येणं यांतलं काहीही त्याने कमी होत नाही. नुसत्या आयसीडीने पंपिंग तिशीवरून एकतिशीवर जात नाही. सीआरटी नावाचं यंत्र काही निवडक रुग्णांमध्ये पंपिंग सुधारतं खरं, पण ते प्रकरण वेगळं. त्यात शॉकची सोय असलेलं आणि नसलेलं असे दोन प्रकार मिळतात, आणि वय झालेल्यांना पुष्कळदा बिनशॉकचंच पुरेसं असावं असं माझं मत आहे.

हे यंत्र मुळात कोणासाठी केलं गेलं, ते आठवलं पाहिजे. मिशेल मिरोवस्की हे वॉर्सात जन्मलेले डॉक्टर. इस्रायलमधले त्यांचे ज्येष्ठ सहकारी हॅरी हेलर यांना ठोके बिघडण्याचे झटके पुन्हा पुन्हा येत होते, आणि १९६६ साली त्यातच ते गेले. अशा माणसाला कायम इस्पितळात ठेवता येत नाही आणि घरी पाठवणंही धोक्याचं, मग शॉकचं यंत्रच त्याच्या शरीरात का ठेवू नये, हा विचार मिरोवस्कींनी पकडला. अमेरिकेत बाल्टिमोरला जाऊन मॉर्टन मॉवर यांच्यासोबत त्यांनी दहा-बारा वर्षं त्यावर घालवली. विरोध कमी नव्हता. बर्नार्ड लाऊन हे बाहेरून शॉक देण्याच्या तंत्रातले मोठे नाव. त्यांनीच १९७२ साली या कल्पनेवर जाहीर टीका केली. तरीही ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात पहिलं यंत्र एका बाईंना बसवलं गेलं. सुरुवातीच्या त्या काळात अट अशी होती की रुग्णाचं हृदय किमान दोनदा बंद पडून तो वाचलेला असावा. दोनदा! अमेरिकी औषध प्रशासनाने १९८५ साली यंत्राला मान्यता दिली. पुढे अट एकदा बंद पडण्यावर आली. मग एकदाही बंद पडलेलं नाही पण पडू शकेल, अशांनाही ते बसू लागलं. आज बसणाऱ्या यंत्रांपैकी मोठा वाटा या शेवटच्या गटाचा आहे. उपचाराची कक्षा अशी वाढत जाण्यात गैर काही नाही. पण कक्षा वाढली की फायदा पातळ होत जातो, हे मात्र त्याच वेगाने रुग्णापर्यंत पोचलं नाही.

फायदा आहे, यात शंका नाही. २००२ सालच्या मॅडिट-२ या चाचणीत आधी हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि पंपिंग ३० टक्के किंवा त्याहून कमी असलेले १२३२ रुग्ण होते. सरासरी वीस महिन्यांत यंत्र नसलेल्यांपैकी १९.८ टक्के दगावले, यंत्र असलेल्यांपैकी १४.२ टक्के. तीन वर्षांनी आलेल्या स्कड-हेफ्ट या २५२१ रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांचा हिशेब मांडला गेला: यंत्राविना ३६ टक्के मृत्यू, यंत्रासह २९ टक्के. आजच्या जगभरच्या शिफारशी मुख्यतः या दोन चाचण्यांच्या पायावर उभ्या आहेत.

दुसऱ्या चाचणीचे आकडे जरा उलगडून बघू, कारण दवाखान्यात ते "मृत्यूचा धोका २३ टक्क्यांनी कमी होतो" अशा एका वाक्यात उरकले जातात. शंभर जणांना यंत्र बसवलं. त्यांतले ६४ जण पाच वर्षांनंतर यंत्र नसतं तरी हयात असतेच. २९ जण यंत्र असूनही गेले. उरले सात. त्या सात जणांसाठी शंभर जणांच्या छातीत वायरी गेल्या. सात ही संख्या लहान नाही. त्यातला एक जर आपला माणूस असेल तर सगळं काही त्या सातमध्येच आहे. पण ती सात आहे. "मशीन बसवलं म्हणून वाचलो" असं मानणाऱ्या बाकीच्या कित्येकांच्या बाबतीत तसं काही घडलेलं नसतं. शॉक बसला म्हणजे जीव वाचला, हे समीकरणही पक्कं नाही. यंत्र असलेल्यांना बसणारे रास्त शॉक आणि यंत्र नसलेल्यांचे अचानक मृत्यू यांची तुलना केली तर शॉक बरेच जास्त भरतात. म्हणजे बेफाम झालेली लय काही वेळा आपली आपणच शांत झाली असती.

आता वय. स्कड-हेफ्टमधल्या रुग्णांचं मध्यक वय साठ होतं. साठीच्या माणसावर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष आपण ऐंशीच्या माणसाला लावतो, आणि लावतो आहोत हे सांगतही नाही. या क्षेत्रातली माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण ही आहे. अमेरिकेत नव्याने बसणाऱ्या यंत्रांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक यंत्रं सत्तरीपुढच्यांना बसत असल्याचं आढळलं आहे. चाचण्यांमध्ये मात्र पंचाहत्तरीपुढचे लोक मूठभर. ज्यांचं हृदय खरोखर एकदा बंद पडलं होतं किंवा जीवघेणी लय होऊन गेली होती, अशांवरच्या तीन जुन्या चाचण्या २००७ साली एकत्र करून तपासल्या गेल्या. १८६६ रुग्णांत पंचाहत्तरीचे आणि त्यापुढचे फक्त २५२ निघाले. त्याहून कमी वयाच्यांमध्ये यंत्र औषधांपेक्षा सरस ठरलं होतं. या २५२ जणांमध्ये तो फरक दिसला नाही. यंत्राची सर्वाधिक गरज असलेल्या गटातली ही स्थिती आहे.

असं का व्हावं? यंत्र म्हाताऱ्या हृदयात कमी ताकदीने चालतं असं मुळीच नाही. शॉक तोच, लय तशीच मोडते. पण अचानक थांबणाऱ्या हृदयापासून वाचवलेल्या माणसाला पुढे आयुष्य किती आणि कसं मिळतं, हे बाकीच्या शरीरावर ठरतं. साठीच्या माणसाच्या बाबतीत हृदयाची लय हा एकच मोठा शत्रू असू शकतो. ऐंशीच्या माणसाला मूत्रपिंडं, फुप्फुसं, कर्करोग, पक्षाघात, स्मृतिभ्रंश, एखादं साधं पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं, शिवाय पंपिंग हळूहळू संपत जाणं, असे सगळे एकदम घेरून असतात. त्यांतल्या एकालाच यंत्र अडवतं.

डेन्मार्कमधल्या डॅनिश या चाचणीत हे फार स्वच्छ दिसलं. २०१६ साली तिचे निकाल आले. हृदय अशक्त, पण कारण रक्तवाहिन्यांतले अडथळे नव्हे, अशा १११६ रुग्णांपैकी निम्म्यांना यंत्र बसवलं. साडेपाच वर्षांच्या आसपास पाठपुरावा झाला. अचानक मृत्यू निम्म्यावर आले: ८.२ टक्क्यांवरून ४.३ वर. यंत्राने आपलं काम चोख केलं. आणि एकूण मृत्यू? २३.४ टक्के आणि २१.६ टक्के, हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका किरकोळ. वयानुसार वेगळं पाहिल्यावर मात्र तरुण गटांमध्ये एकूण मृत्यूही स्पष्ट कमी झालेले दिसले आणि अडुसष्टच्या पुढे फायदा दिसेनासा झाला. पुढे २०२१ साली युरोपच्या हृदयतज्ज्ञ संघटनेने या प्रकारच्या रुग्णांसाठीची आयसीडीची शिफारस एक पायरी खाली आणली. हार्ट अटॅकनंतर पहिल्या काही आठवड्यांतच यंत्र बसवून पाहिलेल्या २००४ सालच्या डिनामिट चाचणीतही असंच झालं होतं: लयीमुळे होणारे मृत्यू घटले, इतर कारणांचे वाढले, बेरीज जिथल्या तिथे. त्यात वयाचा मुद्दा नव्हता. पण एक कारण रोखलं म्हणजे मृत्यू रोखला, हा समज तिथेही खोटा ठरला.

इथे एक नाजूक गोष्ट बोलायला हवी, आणि ती न बोलता हा विषय पुरा होणार नाही. यंत्र नेमकं कोणतं मरण टाळतं? अचानक येणारं. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडत जाण्याच्या आजारात, मरणाचे ढोबळ दोन मार्ग असतात. एक क्षणात, दुसरा महिनोन् महिने चालणारा, पुन्हा पुन्हा दवाखान्यात नेणारा, उशा रचून बसून रात्र काढायला लावणारा. चाळिशीच्या माणसाला पहिल्या मार्गावरून ओढून आणणं म्हणजे त्याला पंचवीस वर्षं देणं. पंच्याऐंशीच्या माणसाला ओढून आणलं की पुष्कळदा तो दुसऱ्या मार्गावर येतो, आणि तो मार्ग लांब नसतो. हिंडताफिरता मरण यावं, कोणाला काही करायला लागू नये, असं म्हणणारी म्हातारी माणसं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. तीच माणसं मग दोन सह्या करून ते मरण आपल्या वाटेतून काढून टाकतात, आणि आपण नेमकं काय काढून टाकलं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. मी म्हातारपणी लवकर मरावं असं सांगत नाही. कोणतं मरण टाळायचं आणि कोणतं पत्करायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, एवढंच म्हणतो. तो त्याला विचारला तरी पाहिजे.

शॉक कसा असतो, हेही सांगितलं जात नाही. बेशुद्ध पडल्यावर बसला तर कळत नाही. पण यंत्र अनेकदा माणूस शुद्धीत असतानाच शॉक देतं, आणि मग छातीत घोड्याने लाथ घातल्यासारखं वाटतं, असं ज्यांना बसला ते सांगतात. कधी ठोके पुन्हा पुन्हा बिघडतात आणि चोवीस तासांत तीन-चार, कधी त्याहून कितीतरी जास्त शॉक बसतात. त्यानंतर माणूस एकटा बाहेर पडायला घाबरतो, अंघोळीला जाताना दार उघडं ठेवतो, ज्या खुर्चीत बसला असताना शॉक बसला त्या खुर्चीत पुन्हा बसत नाही. काही शॉक तर नाहक असतात. वरच्या कप्प्यांची अनियमित धावपळ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, वयाबरोबर वाढत जाते आणि यंत्र कधीकधी तिला जीवघेणी लय समजतं. इथे सुधारणा मात्र झाली आहे. २०१२ सालच्या मॅडिट-आरआयटी चाचणीने दाखवलं की यंत्राला जरा धीर धरायला शिकवलं, म्हणजे ठोके फार वाढल्यावरच किंवा थोडं थांबूनच उपचार द्यायला लावलं, तर नाहक उपचार खूप घटतात आणि मृत्यूही कमी होतात. ज्यांच्याकडे यंत्र आधीच आहे त्यांनी पुढच्या तपासणीला एवढं जरूर विचारावं की आपलं यंत्र या नव्या पद्धतीने लावलेलं आहे का.

बाकी धोके शस्त्रक्रियेचे: रक्त साकळणं, फुप्फुसाला इजा, वायर जागची हलणं, जंतुसंसर्ग. शेवटचा सगळ्यात वाईट, कारण मग डबीसकट वायरी काढाव्या लागतात. जुन्या, हृदयाला चिकटलेल्या वायरी काढणं हे बसवण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

माझ्या म्हणण्याला दोन आक्षेप वजनदार आहेत. पहिला: मॅडिट-२ मध्येही पंचाहत्तरीचे आणि त्यापुढचे दोनशेच्या आसपास लोक होते आणि त्यांच्यातही फायद्याकडे कल दिसला होता. बरोबर आहे. संख्या कमी म्हणून तो ठामपणे सिद्ध झाला नाही, पण म्हणून तो नव्हताच असंही म्हणता येणार नाही. पुरावा नसणं आणि फायदा नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वर मांडलेल्या २५२ जणांच्या आकड्यालाही हाच नियम लागू पडतो. दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा: वय म्हणजे नुसता आकडा. रोज चार किलोमीटर चालणारी, हिशेब तोंडपाठ असणारी, मूत्रपिंडं ठणठणीत असलेली ब्याऐंशी वर्षांची बाई आणि डायलिसिसवर असलेला अडुसष्टचा माणूस, यांत यंत्राचा उपयोग कोणाला जास्त? बाईंना, उघडच. नेदरलँड्समध्ये डायलिसिसवरच्या रुग्णांत खबरदारी म्हणून यंत्र बसवून पाहिलं, ती चाचणी फायद्याची चिन्हं नसल्याने मध्येच थांबवावी लागली; तिचे निकाल २०१९ साली आले.

म्हणून वयाची रेघ ओढून 'अमुक वर्षांनंतर यंत्र नाही' असा नियम करायला माझा विरोध आहे. शिफारशींमध्येही अशी रेघ नाही. तिथे अट एवढीच आहे की रुग्ण बऱ्या अवस्थेत किमान वर्षभर जगेल अशी वाजवी अपेक्षा असावी. अट शहाणपणाची आहे, पण ती कोणी तपासत नाही. ईएफचा आकडा मशीन छापून देतं; माणूस खुर्चीतून हात न टेकता उठतो का, गेल्या सहा महिन्यांत वजन किती उतरलं, कितीदा पडला, औषधांच्या वेळा स्वतः लक्षात ठेवतो का, हे कुठलंही मशीन छापत नाही. दहा मिनिटं बसून विचारावं लागतं. छापलेला आकडा जिंकतो तो त्यामुळेच.

शिवाय त्या जुन्या चाचण्यांच्या वेळची औषधं आणि आजची औषधं यांत फरक पडला आहे. हार्ट फेल्युअरवरच्या १९९५ ते २०१४ या काळातल्या बारा चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा अचानक मृत्यूंचं प्रमाण या काळात ४४ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन, सॅक्युबिट्रिल-वलसार्टन या गोळ्यांचं हे श्रेय. त्यानंतर मधुमेहासाठी निघालेली ग्लिफ्लोझिन गटातली औषधंही हार्ट फेल्युअरवर उपयोगी ठरली. मुळातला धोका जेवढा कमी, तेवढी यंत्राची कमाई कमी. आणि गोळ्यांनी दमही कमी लागतो, जे यंत्र कधीच करत नाही. असं असताना औषधांचे डोस नीट वाढवून तीन महिने थांबून पुन्हा एको करायच्या आत यंत्राची तारीख ठरत असेल, तर ती घाई कोणाच्या सोयीची हे विचारलं पाहिजे.

ही घाई कल्पनेतली नाही. अमेरिकेत २०११ साली एक लाख अकरा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा साडेबावीस टक्के यंत्रं पुराव्याच्या चौकटीबाहेर बसवलेली निघाली. हार्ट अटॅकनंतर चाळीस दिवस आणि बायपास किंवा अँजिओप्लास्टीनंतर नव्वद दिवस थांबायचा तिथल्या सरकारी विम्याचा नियम न पाळल्याबद्दल २०१५ साली ४५७ इस्पितळांनी मिळून २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरून सरकारशी तडजोड केली. सगळं पैशापायी झालं असं मी म्हणणार नाही. यंत्र बसवलं आणि रुग्ण दोन वर्षांनी न्यूमोनियाने गेला तर डॉक्टरला कोणी बोल लावत नाही. नाही बसवलं आणि तो तिसऱ्या दिवशी अचानक गेला, तर लावतात. नातेवाईकही स्वतःला लावतात. "आपण पैशाकडे पाहिलं असं लोक म्हणतील" या धास्तीने झालेल्या सह्या काही कमी नसतील. माणसाच्या इच्छेपेक्षा मागे राहणाऱ्यांच्या अपराधी भावनेची सोय लावणारा उपचार, असं त्याचं रूप होऊन बसतं.

यावर अमेरिकेच्या सरकारी विम्याने २०१८ साली काढलेला उपाय मला पटतो. खबरदारीचं यंत्र बसवण्याआधी बहुतेक रुग्णांशी निर्णयाबद्दल रीतसर चर्चा झालीच पाहिजे, आणि ती पुराव्यावर आधारलेल्या माहितीपत्रकाच्या आधारे, असा तो नियम. कागदोपत्री उरकण्याचा धोका त्यातही आहेच. पण चर्चा खरी व्हायची असेल तर ती यंत्र बसवणाऱ्या डॉक्टरकडे न होता, रुग्णाला वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या डॉक्टरकडे, मुलगा-सून काही वेळ बाहेर बसलेले असताना व्हावी, असं मी सुचवेन. वर दिलेला सात, एकोणतीस आणि चौसष्टचा हिशेब सातवी शिकलेल्या माणसालाही समजतो. तो सांगायचा आणि मग पुढचं वाक्य त्यांना बोलू द्यायचं.

अजून दोन प्रसंग येतात आणि दोन्ही वेळा कोणी काही विचारत नाही. पहिला बॅटरी संपण्याचा. साधारण पाच ते दहा वर्षांत डबी बदलावी लागते. सत्तरीला बसवलेल्या यंत्राची बॅटरी अठ्ठ्याहत्तरीला उतरते. तोवर माणूस बदललेला असतो. कधी पंपिंग औषधांनी सुधारलेलं असतं, कधी विसरभोळेपणा वाढलेला असतो, कधी इतक्या वर्षांत एकही शॉक बसलेला नसतो. तरी बॅटरी बदलणं हे गाडीची सर्व्हिसिंग असावी तसं उरकलं जातं. खरं तर हा निर्णय पहिल्याइतकाच नवा आहे, आणि बदलायची नाही किंवा शॉकशिवायचा साधा पेसमेकर जोडायचा, हे पर्याय त्यात खुले असतात.

दुसरा प्रसंग शेवटचा. कर्करोग पसरलेला आहे किंवा हृदयच संपत आलं आहे, घरी आणलेलं आहे, आता फक्त वेदना कमी करायच्या आहेत. यंत्राला हे माहीत नसतं. मरणाऱ्या हृदयाची लय बिघडते आणि ते इमानेइतबारे शॉक देत राहतं. अमेरिकेत २००४ साली यंत्र असताना वारलेल्या शंभर रुग्णांच्या नातेवाइकांना विचारण्यात आलं, तेव्हा यंत्र बंद करण्याबद्दल डॉक्टर फक्त २७ जणांच्या बाबतीत बोलले होते, आणि आठ जणांना अगदी शेवटच्या मिनिटांत शॉक बसले होते.

हे टाळणं हास्यास्पद वाटावं इतकं सोपं आहे. शॉक बंद करायला शस्त्रक्रिया लागत नाही. छातीवर प्रोग्रामरची, म्हणजे यंत्राची सेटिंग बदलणाऱ्या उपकरणाची, कांडी ठेवून, काही यंत्रांत तर तीही न ठेवता, पडद्यावरची एक सेटिंग बदलायची. काही मिनिटांचं, बिनवेदनेचं काम. पेसमेकरचं काम चालू राहतं. त्याने मृत्यू ओढवत नाही, ठोके जसे पडत होते तसेच पडत राहतात. रात्रीबेरात्री तंत्रज्ञ मिळत नसेल तर डबीवर कातडीवरून खास लोहचुंबक चिकटवून ठेवला की बहुतेक यंत्रांचे शॉक तात्पुरते थांबतात. अमेरिकेतल्या हार्ट रिदम सोसायटीने २०१० साली स्पष्टच म्हटलं की रुग्णाच्या इच्छेने यंत्र बंद करणं म्हणजे इच्छामरण नव्हे आणि आत्महत्येला मदतही नव्हे. एवढं असून ही गोष्ट बहुतेक घरांना तिसरा-चौथा शॉक बसल्यावर कळते. मृत्यूनंतरही यंत्राची माहिती लागते: दहनात बॅटरी फुटू शकते, म्हणून डबी आधी काढावी लागते, आणि शॉक बंद केल्याशिवाय काढायला गेलं तर काढणाऱ्यालाच बसू शकतो.

तेव्हा संमतीपत्रकात, जिथे रक्त साकळण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका छापलेला असतो तिथेच, दोन ओळी मोठ्या अक्षरात असाव्यात: हे यंत्र न बसवताही तुमचे बाकीचे सगळे उपचार चालू राहतील, आणि बसवलं तर त्याचे शॉक पुढे केव्हाही, तुम्ही सांगाल तेव्हा बंद करता येतील. त्यांखाली सही मुलाची नको, ज्यांच्या छातीत ते जायचं आहे त्यांची हवी.